अंगठ्याखालची अक्षरं

"एकच?" बाळकू मेस्त्रींनी विचारलं.

रवळू देसाईंनी फडक्याची गाठ सोडून बाकावर ठेवलेला तोडा खरंच एकच होता. बाईच्या पायातला, जुन्या घडणीचा, चांगला जाड, आतून झिजून गुळगुळीत झालेला.

"तुमाला लागतोय किती?"

"लागायला ह्याच्या निम्मा पुरे, आबा. पण जोडीतला एक मोडायचा म्हणजे..."

"दुसरा तिच्या पायात हाय. त्यो ऱ्हाऊ दे."

मेस्त्रींनी बाकावर आडवी ठेवलेली बंदूक जवळ ओढली. ठासणीची बंदूक होती ती. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर छर्रे घालायचे, गजानं ठासायचं, मागं टोपी बसवून घोडा ओढायचा आणि मग चाप. आमच्या आजऱ्याच्या बाजूला घाटालगतच्या गावांत भात निसवलं, लोंब्या आल्या की रानडुकरं शेतात पडायची, म्हणून राखणीसाठी असल्या बंदुका परवान्यावर मिळायच्या. त्या दुरुस्त करायचा परवाना मेस्त्रींकडं होता. आबांच्या बंदुकीचं लाकूड शिसवी होतं, हात लागून लागून काळंभोर झालेलं.

"कुठं बसवू चांदीची पट्टी? दस्त्याच्या डाव्या अंगाला बसवतात सगळे. खांद्याला अडकवली की चारचौघांना दिसते."

"चारचौघांना न्हाई दावायची." आबांनी बोट ठेवलं. घोड्याच्या मागं, लाकूड जिथं बारीक होतं आणि जिथं हाताची मूठ बसते, तिथं, बरोबर वरच्या अंगाला. "हिथं."

"तिथं अंगठा येतो की. झाकून जाईल."

"घोडा ओढायला अंगठा उचलला की दिसंल न्हवं?"

"दिसेल."

"मग झालं तर. अक्षरं उडवणाऱ्याच्या बाजूनं पायजेत. सरळ."

मी दारात उभी होते. मला मेस्त्रींनीच बोलावून घेतलं होतं. बाजारात एक भांड्यांचं दुकान होतं, तिथं पायरीशेजारी बसून मी भांड्यांवर नावं घालायची. बारीक छिन्नी आणि हातोडी, मांडीवर पोतं आणि पोत्यावर भांडं. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट.' माझे वडील तिथंच बसायचे. ते गेले त्याच वर्षी मी सासर सोडून माहेरी आले होते, नवऱ्याचा मार चुकवून, भावाच्या आसऱ्याला. वडिलांची जागा रिकामी होती, छिन्न्या घरात होत्या, मी जाऊन बसले. माझं वय तेव्हा सव्वीस. चार वर्षांत तालुक्यातल्या किती लग्नांची नावं मी ठोकली असतील, सांगता येणार नाही. कुणाच्या तरी घरी पाणी पिताना मेस्त्रींनी माझं अक्षर कळशीवर बघितलं आणि ते कुणाचं म्हणून चौकशी करत ते दुकानात आले. "चांदीवर करशील का?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले आणि मग चार दिवस नीट झोपले नाही.

"ही शालन. पोतदारांची," मेस्त्रींनी आबांना सांगितलं. "अक्षर ही घालणार."

आबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळं त्यांना मान जरा तिरकी करून बघावं लागायचं. "बरं," ते म्हणाले. "पोरी, लिव्ह. कोण हाय."

"काय?"

"कोण हाय. त्येवढंच."

मला वाटलं, ते मी कोण आहे असं विचारतायत. मेस्त्री हसले. "अगं, तेच लिहायचंय. मीही तीनदा विचारून घेतलं."

मी पाटीवर लिहून दाखवलं. आबांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "वाच."

"कोण आहे."

"म्या 'आहे' कवा म्हणालो?"

"शुद्ध लिहायचं तर 'आहे' लिहितात, आबा. मी नावंसुद्धा सुधारून घेते लोकांची. चांदीवर एकदा गेलं की कायमचं."

"म्हणूनच म्हणतोय," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "हाळवणात जलमलो, सत्तर वर्सं झाली. म्या हाक मारली तर 'कोण हाय' अशी मारीन. 'आहे' म्हणून हाक मारायला म्या काय मामलेदार हाय? माज्या तोंडाचं लिव्ह."

मी पुसलं आणि 'हाय' लिहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचं तरी अशुद्ध तसंच राहू दिलं. आबांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, जणू वाचणारच आहेत, आणि परत दिली.

*

पुढचे दहा दिवस दुकान बंद झाल्यावर संध्याकाळी, आणि दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दिवसभर, मी मेस्त्रींकडं जायची. त्यांनी तोडा मुशीत वितळवला, ठोकून पत्रा केला, पुन्हा लाल करून ठोकला. उरलेली चांदी आबांच्याच फडक्यात बांधून वेगळी ठेवली. पट्टी आंब्याच्या कोयीसारखी लांबट कापली. मग बंदुकीच्या मुठीवर तेवढाच खड्डा कोरला. ते दोन दिवस मी नुसती बघत बसले. लाकूड तिथं आधीच बारीक, जास्त खोल गेलं तर बार काढताना तिथंच मोडायचं. मेस्त्री केसाएवढं कोरायचे, पट्टीला काजळी फासून खड्ड्यात दाबून बघायचे, काळं लागलं तेवढंच पुन्हा कोरायचे. शेवटी पट्टी बसली तेव्हा लाकूड आणि चांदी यांच्या मधून नख जाईना. चांदीच्याच बारीक खिळ्यांनी ती जखडली आणि मुठीच्या गोलाईला धरून घासली. खिळे कुठं होते ते मलासुद्धा सापडलं नाही.

मी तोवर तांब्याच्या पट्टीवर 'कोण हाय' गिरवत होते. भांड्यावर नाव घालणं वेगळं. तिथं टिंबं टिंबं पडतात, एखादं हललं तरी चालतं, नवरीचं लक्ष तिकडं नसतं. इथं रेघ सलग हवी होती. छिन्नी तिरपी धरून पुढं ढकलत न्यायची, मागून हातोडीचे हलके ठोके, आणि वळणावर ठोके न थांबवता मनगट फिरवायचं. 'क' आणि 'ण' जमले. 'ह' जमत नव्हता. त्याच्या पोटाचं वळण घेताना छिन्नी पळायची.

मेस्त्री जवळ येऊन बघायचे आणि "पुन्हा" म्हणून निघून जायचे. चांगलं झालं असं कधी म्हणाले नाहीत. पण रोज तांब्याची नवी पट्टी घासून ठेवलेली असायची.

चांदीवर हात घालायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात एक माणूस आला. तिशीतला, पांढरा शर्ट, खिशाला पेन. भांडी बघितल्यासारखं करून माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"तुम्ही शालनताई न्हवं? मी पुंडलिक देसाई. हाळवणच्या आबांचा मुलगा. गावच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी हाय."

मी छिन्नी खाली ठेवली.

"ते बंदुकीवरचं झालं?"

"उद्या सुरू करणार."

"मग बरं झालं आलो ते." त्यानं आजूबाजूला बघितलं. "तिथं 'श्री रवळनाथ प्रसन्न' घाला. ग्रामदैवत हाय, कुणाचं काय म्हणणं असायचं कारण न्हाई."

"पण आबांनी तर..."

"आबांना वाचता येत न्हाई." हे म्हणताना तो माझ्या मांडीवरच्या भांड्याकडं बघत होता. "त्यांचं वय झालंय. परवाना आता माझ्या नावावर होतोय. इलेक्शन आली की सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, दहा जण हाताळतात. 'कोण हाय, कोण हाय' करून हसतील. मला ती बंदूक जन्मभर खांद्यावर वागवायची हाय, ताई."

मी मांडीवरचं भांडं पोत्यावर सरळ केलं.

"तुमचे शेट माझ्या ओळखीचे आहेत," तो उठताना म्हणाला. "नावं घालायचं इलेक्ट्रिकचं मशीन मागवलंय त्यांनी, तुम्हाला ठाऊकच असेल. मी बोलतो त्यांच्याशी. तुमची जागा राहील."

मला ठाऊक नव्हतं. मशीनची गोष्ट मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकली. दुकानात शेट गल्ल्यावर बसले होते आणि माझ्याकडं बघत नव्हते, त्यावरून ती खरी आहे हे कळलं.

खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी घरी पाटीवर 'श्री रवळनाथ प्रसन्न' लिहून बघितलं. सुरेख आलं. देवाचं नाव होतं, त्यात वाईट काय? म्हातारा अंगठा फिरवून समाधान मानेल. 'कोण हाय' हे काय लिहिण्यासारखं आहे का? आणि जागा गेली तर भावाच्या घरात मी कोण म्हणून राहणार होते?

*

चांदीच्या कामापुरती मी दुकानातून सुट्टी घेतली होती. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना मी पुंडलिकचं काही सांगितलं नाही. बंदूक पोत्यावर दाबून बसवली होती. दोन ओळी आखल्या होत्या, वर 'कोण', खाली 'हाय'. मी 'कोण' घातलं, चांगलं आलं. देवाचं नाव कुठं, हे कुठं, अशी घालमेल चालूच होती. हात मात्र आखलेल्या रेघेवरून आपोआप चालला होता. 'ह'च्या पोटात छिन्नी पळाली. खालच्या काठापर्यंत लांबलचक चरा.

मेस्त्री भात्याजवळ होते. आवाजावरूनच त्यांना कळलं असावं. ते आले, बघितलं.

"मेस्त्रीकाका..."

"कानस घे. बारीक."

"मी?"

"मग कोण?"

चरा जाईपर्यंत सगळी पट्टी घासून खाली आणायची होती. एकाच जागी घासली तर खड्डा दिसणार, लाकडाला कानस लागली तर लाकूड खराब. दीड दिवस लागला मला. बोटांची सालं गेली. मेस्त्रींनी ते अर्ध्या तासात केलं असतं. ते समोर बसून दुसऱ्या बंदुकीची स्प्रिंग वाकवत होते, माझ्या हाताकडं बघत होते, आणि त्यांनी एकदाही कानस माझ्या हातातून घेतली नाही. माझ्या आयुष्यात तोवर माझ्या हातातून गोष्टी काढून घेणारेच फार भेटले होते. मेस्त्रींचे उपकार मी मोजत नाही, पण मोजायला बसले तर ह्यापासून सुरुवात करीन.

पट्टी पुन्हा कोरी झाली. मेस्त्रींनी अंगठा फिरवला.

"आता पातळ झालीय. तिसऱ्यांदा घासायला चांदी नाही." मग कानस जागेवर ठेवत म्हणाले, "पुंडलिक मलाही भेटून गेलाय."

"मग?" मी विचारलं.

"मी त्याला म्हणालो, अक्षर घालणारीला विचार. काय लिहायचं ते आता तूच ठरव, शालन."

"तुम्ही सांगा ना."

"मला लाकडाचं विचार," मेस्त्री म्हणाले.

*

शुक्रवारी बाजार होता. दुपारी मेस्त्रींच्या दारात एक बाई येऊन थांबली. नऊवारी, डोक्यावर पाटी, पाटीत काकड्या. डावा पाय ओढत आली आणि उंबऱ्यावरच बसली. उजव्या पायात चांदीचा तोडा होता. डावा घोटा सुजून वाकडा झालेला, त्यात काही नव्हतं.

"हाळवणची म्या. अनशी. आमच्या ह्यांनी बंदूक दिलीय न्हवं? कुठवर आलं म्हटलं, बगून जावं."

मेस्त्री कुणाकडं तरी गेले होते. मी तिला पाणी दिलं. बंदूक तिला दाखवली. कोऱ्या पट्टीवरून तिनं हात फिरवला.

"माझा तोडा का ह्यो?"

"हो, मावशी."

"गोड दिसतोय."

मग मी विचारलं. विचारल्याशिवाय मला पुढं जाताच येत नव्हतं. "मावशी, ते दोन शब्द कशासाठी?"

तिनं पाटीतली एक काकडी काढून माझ्या हातात दिली आणि आधी खायला लावली.

"भात निसवलं व्हतं," ती म्हणाली. "डुकरं रोज पडत व्हती. म्या वासरासाठी खालच्या बांधावर गवत कापत व्हते. दिस मावळला व्हता. ह्यांना वाटलं, म्या घरी गेले. गवत हललं, ह्यांनी बार काढला." तिनं घोट्याकडं हात केला. "छर्रे अजून हायत आत. दोन-तीन. पावसाळ्यात कळतात."

"आबांनी?"

"त्यांनीच पाठंगुळीला मारून आणलं. गावात सांगितलं, डुकरानं मुसंडी मारली. वीस वर्सं तसंच सांगतोय. तुला आज सांगितलं, कारण लिवायचं तुला हाय." ती जरा थांबली. "नुस्तं 'कोण हाय' म्हणाले असते तर म्या ओ दिली असती. बास. त्येवढंच व्हतं."

मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला की! दोन वर्सं बोलले न्हाई. वाढायची, पण बोलायची न्हाई. रोज सांजच्याला त्ये पायाला तेल लावायचे. ऊन तेल आधी आपल्या तळव्यावर घ्यायचे, भाजत न्हाई न्हवं बगायचे, मग माझ्या पायाला. रोज. एक दिसबी चुकलं न्हाई. किती दिस रागवायचं, बाई?" ती हसली. "त्या दिसापासनं नळीत छर्रा भरला न्हाई त्यांनी. नुसती दारू. आवाजानं डुकरं पळायची. आता डुकरंबी शिकली, आवाजाला भीत न्हाईत. पुंडलिक छर्रा भरणार. भरायलाच लागंल. म्हणून ह्ये म्हणाले, अनशे, तुझा त्यो तोडा दे."

"पुंडलिकदादांना हे माहीत आहे?"

"व्हता की तिथं. बारा वर्सांचा पोर. त्याला काय कळतंय."

जाताना तिनं आणखी चार काकड्या बाकावर ठेवल्या.

मेस्त्री आले तेव्हा मी पट्टीवर ओळी आखत होते. त्यांनी वाकून बघितलं, दार पुरतं उघडलं, आणि उजेड माझ्या डाव्या हाताला येईल असा बाक फिरवून दिला.

ह्या वेळी 'ह' आला. कसा आला ते मला सांगता येत नाही. वळणावर मी श्वास धरला होता एवढं आठवतं. शेवटी प्रश्नचिन्ह घालायचं होतं. भांड्यांवर हजारो नावं घातली, पण प्रश्नचिन्ह कधी घातलं नव्हतं. आहेरात कोण कुणाला प्रश्न विचारतो? ते मी तांब्यावर बारा वेळा काढलं आणि मग चांदीवर.

*

सोमवारी तिघंही आले. आबा, अनशीमावशी आणि मागून पुंडलिक. मेस्त्रींनी बंदुकीला तेलाचा हात दिला होता. लाकूड काळं आणि मुठीवर तेवढी पट्टी उजळ.

आबांनी ती दोन्ही हातांत घेतली. अंगठा पट्टीवर ठेवला आणि हळूहळू फिरवला. एका जागी थांबले.

"ह्यो गळ कसला?"

"प्रश्नचिन्ह आहे, आबा. विचारतोय असं कळायला."

"हाकेला असलं काय लागत न्हाई." पुन्हा अंगठा फिरवला. "पर ऱ्हाऊ दे. गळ हाय, धरून ठेवंल." मग बंदूक त्यांनी मुलापुढं केली. "वाच रं."

पुंडलिकनं बंदूक घेतली. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्याला रवळनाथाचंच नाव दिसेल असं वाटत होतं. त्यानं ती दाराकडं, उजेडात धरली. बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी नजर वळवली नाही. त्याला अजूनही 'श्री रवळनाथ प्रसन्न' म्हणता आलं असतं. खोलीत आबांना आणि मावशीला वाचता येत नव्हतं, आणि मी किंवा मेस्त्री, आम्ही काय म्हणणार होतो?

"वाच की."

"कोण," तो म्हणाला आणि थांबला.

"फुडं?"

"हाय."

तो बंदूक बाकावर ठेवून उंबऱ्यावर बसला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा बसला.

"हे माझ्यासाठी लिवलंय न्हवं, आबा?"

"तुज्यासाठीच की. आता तूच वापरणार."

"तसं न्हाई." त्यानं बंदुकीकडं बोट केलं. "तुमाला ठाव हाय तर सगळं. वीस वर्सं बोलला न्हाईसा आणि आता चांदीत लिवून घेतलासा. तुम्ही बंदूक खाली घेतली व्हती, आबा. तुम्ही थांबला व्हतासा. म्या म्हणालो, डुक्कर हाय, मारा."

आबांनी मान तिरकी करून त्याच्याकडं बघितलं.

"असं म्हणालास?"

"म्हणालो. दोनदा."

"मला ठाव न्हाई," आबा म्हणाले. "बार ऐकल्यावर फुडचं-मागचं माज्या ध्यानात काय ऱ्हायलं न्हाई." ते बाकाला धरून दोन पावलं पुढं आले. "पुंडलिक, चापावर बोट कुणाचं व्हतं?"

"तुमचं."

"मग झालं तर. बारा वर्सांच्या पोराच्या बोलण्यावर घोडा ओढणारा मी. तू कशाला मधी येतोस? हे घेऊन बसलास व्हय एवढी वर्सं? म्या आपला समजत व्हतो, बापाची लाज वाटती तुला, म्हणून ते लिवायला नको म्हणतोस."

म्हणजे पुंडलिक अक्षरं बदलायला सांगून गेला होता, हेही आबांना ठाऊक होतं. मी मेस्त्रींकडं बघितलं. ते खाली बघत होते.

अनशीमावशी उठली. पाय ओढत मुलापाशी गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या पायाकडं कधी बगितलं न्हाईस तू," ती म्हणाली. "ह्ये तेल लावाया बसले की उठून भाईर जायचास. मला वाटायचं, पोराला किळस येती."

"किळस कसली, आई!"

"मला काय ठाव? तू बोललास कवा?"

पुंडलिकनं वाकून तिच्या घोट्याला हात लावला. पाया पडायला वाकतात तसं नव्हतं ते. सुजलेल्या जागेवर पंजा ठेवून तो तसाच बसून राहिला, आणि तिनं पाय हलवला नाही.

मेस्त्री उठले. "शालन, कोळसा बघू चल मागं," म्हणाले. मागं कोळशाचं पोतं भरलेलं होतं. आम्ही दोघं त्याच्याजवळ उभे राहिलो. मेस्त्रींनी पंच्यानं तोंड पुसलं. मीही पदरानं पुसलं. पुढच्या खोलीत काय बोलणं झालं ते आम्ही ऐकलं नाही.

निघताना पुंडलिकनं बंदूक खांद्याला अडकवली. आई-बाप पायऱ्या उतरून रस्त्याला लागले होते. तो दारातून मागं वळला.

"अक्षर चांगलं आलंय, ताई," म्हणाला, आणि गेला.

त्याच महिन्यात दुकानात मशीन आलं. पुंडलिकनं शब्द टाकला होता की नाही, मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. शेट भला माणूस होता, त्यांनी मला तोंडावर काही सांगितलं नाही, नुसती भांडी माझ्याकडं येईनाशी झाली. मशीनची टिंबं भराभर पडायची आणि लोक घोळका करून बघत उभे राहायचे. शनिवारी मी वडिलांच्या छिन्न्या फडक्यात गुंडाळल्या, शेटला नमस्कार केला आणि बाहेर पडले. घरी जाऊन काय सांगायचं ते सुचेना, म्हणून मेस्त्रींकडं वळले. निदान तांब्याच्या पट्ट्या परत देऊन यावं, म्हटलं.

मेस्त्री नव्हते. बाक मात्र वेगळा दिसत होता. वीस वर्षं एका जागी घट्ट बोल्ट केलेला त्यांचा वाइस, काम जखडून धरायचा लोखंडी चिमटा, त्यांनी उपटून हातभर डावीकडं नेऊन बसवला होता. जुन्या बोल्टांची भोकं लाकडाच्या खुंट्या मारून बुजवली होती, वरून रंधा मारून जागा सपाट केली होती. रंध्याच्या सालपटांचा ताजा वास येत होता. तिथं एक नवं पोतं घडी करून ठेवलेलं होतं आणि त्यावर हातोडी, दांडा माझ्या मुठीच्या मापाचा तासलेला.

मी छिन्न्या मांडल्या आणि बसले. पुढची अकरा वर्षं तिथंच होते.